आधी काय, मग काय?

तेल तापण्याआधी मोहरी टाकली, तर ती तडतडत नाही. सर्व्हर उभारतानाही क्रम सांभाळावा लागतो. घड्याळ जुळवणारा एनटीपी घ्या: आधी तो इन्स्टॉल व्हायला हवा, मग त्याची सेटिंगची फाइल, शेवटी सेवा सुरू. 2005 साली आलेल्या पपेट या साधनात ‘या सेवेआधी ती फाइल हवी’ एवढंच लिहायचं. अशा सगळ्या अटी जुळवून क्रम पपेट ठरवतं. त्यातली एक सोय मला फार मोलाची वाटते: फाइल बदलली, तरच चालू सेवा पुन्हा सुरू करता येते, उगाच नाही. दोन कामं एकमेकांसाठी अडून बसली, तर पपेट काहीच न करता चूक दाखवतं. इन्स्टॉल फसलं, तर त्यावर अवलंबून असलेली कामं वगळली जातात. बाकीची मात्र पार पडतात.