खात्यात आहेत, हातात नाहीत

२०२५ सालच्या एप्रिल महिन्याची १२ तारीख होती. दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार. तेव्हा घरचे चार जिन्नस आणावेत म्हणून आम्ही भालकीस गेलो होतो. भर दुपारी पेठेतील औषधांच्या एका दुकानापुढे माणसे साचलेली दिसली आणि भांडण चालले असावे असे वाटून आम्हीही थांबलो. पण ते भांडण नव्हते. आडगावची एक तरुण बाई, कडेवर तापाने मलूल झालेले मूल. औषधांच्या पिशवीचे एक टोक तिच्या हातात आणि दुसरे दुकानदाराच्या हातात, असा तो देखावा होता.

“पैसे गेले की वो अण्णा माझ्या खात्यातून! हे बघा, मेसेज आलाय.”

“गेले असतील ताई. पण मला आले नाहीत. पेटी बोललीच नाही.”

पेटी म्हणजे काय, हे वाचकांस सांगावयास नको. पैसे जमा होताच मोठ्याने वर्दी देणारी ती यंत्रपेटी आता आमच्या बीदर-कलबुर्गीच्या खेड्यांतील चहाच्या टपरीवरही दिसते. दुकानदार मराठी बोलतो, गिऱ्हाईक मराठी बोलते, आणि पेटी कानडी बोलते. त्यात कोणाचे काही अडत नाही. त्या दिवशी मात्र ती मुकी झाली होती. सकाळपासून असे पाच जण झाले, त्यांतल्या दोघांचे पैसे अजून अधांतरी आहेत, असे दुकानदार आम्हांस काकुळतीने सांगत होता. माणूस दुष्ट नव्हता. ओळखीच्या गिऱ्हाइकांना तो वहीत मांडून औषधे देतही होता; पण ही बाई त्याच्या ओळखीची नव्हती. रक्कम होती ४३० रुपये.

आम्ही मोठ्या आवेशाने खिशात हात घातला. खिशात दहाचे एक नाणे निघाले, आणि तेही इकडे पुष्कळ दुकानदार ‘चालत नाही’ म्हणून परत करतात ते! (दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने खरे आहेत, असे रिझर्व्ह बँकेने २०१८ च्या जानेवारीत जाहीर केले होते, परंतु अफवेला परिपत्रक वाचता येत नाही.) सगळ्या गोष्टींवर लिहिणारे आम्ही, आमचेही पैसे फोनातच होते. गर्दीतील बहुतेकांची हीच गत होती.

त्या दिवशी बिघाड केवळ भालकीत नव्हता. दुपारपूर्वीच देशभर यूपीआय अडखळले होते. त्याआधी २६ मार्चलाही तसेच झाले होते. हे यंत्र चालते कसे, हे थोडे समजून घेतले पाहिजे. आपण फोनवर आकडे दाबतो तेव्हा नोट जशी या हातातून त्या हातात जाते तसे काही होत नाही. आपला निरोप प्रथम ॲपच्या मागे असलेल्या बँकेकडे, तेथून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे, तेथून आपल्या बँकेकडे जातो. ती आपल्या खात्यातून पैसे वजा करते. मग निरोप दुकानदाराच्या बँकेकडे जातो, ती जमा करते, आणि ‘झाले’ असा उलट निरोप येतो. समोरासमोर उभ्या असलेल्या दोन माणसांच्या मध्ये अशा तीन-चार कचेऱ्या असतात. त्यांतील एकीची दारे मिटली की पैसे एका खात्यातून निघालेले आणि दुसऱ्यात न पोचलेले असे वाटेतच राहतात. १२ एप्रिलच्या बिघाडाचे जे कारण पुढे आले ते तर फारच मासलेवाईक होते. काही बँका अडलेल्या व्यवहारांविषयी ‘झाला का, झाला का’ अशी एकसारखी पृच्छा करीत राहिल्या, आणि त्या पृच्छांच्या लोंढ्यानेच मध्यवर्ती यंत्रणा गुदमरली. लग्नघरी आचाऱ्याला दर घटकेस ‘स्वयंपाक झाला का’ विचारणारे पाहुणे जे करतात, तेच हे!

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट याहून गंभीर होती. २०२४ च्या जुलैअखेर सी-एज नावाच्या कंपनीच्या संगणकांवर खंडणीखोरांनी हल्ला केला. ही कंपनी लहान बँकांना यंत्रसामग्री पुरविते. संसर्ग पसरू नये म्हणून तिला देशाच्या जाळ्यापासून तोडावे लागले, आणि सुमारे ३०० लहान बँकांचे ग्राहक तेवढ्या वेळापुरते फोनवरील देवघेवीस मुकले. त्या बँका कोणत्या? सहकारी आणि ग्रामीण, म्हणजे तुमच्याआमच्या.

चलनाच्या फेऱ्यात सापडणे आमच्या भागास नवे नाही. निजामाच्या राज्यात आमच्या आजोबांच्या हाती हाली रुपया असे. सोलापूर-अक्कलकोटकडे बाजारास जावयाचे तर तो मोडून कलदार घ्यावा लागे. शंभर कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे सहास सात, असा भाव होता. हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात सामील झाले, १९५० साली भारतीय रुपया आला, तरी हालीला कायद्याची मान्यता १९५९ पर्यंत राहिली. लोकांना सवय व्हावयास आणि गाडग्यांतले रुपये बाहेर यावयास तेवढी वर्षे दिली गेली. त्या हाली नोटेवर उर्दूबरोबर मराठी, कानडी आणि तेलुगू अक्षरेही असत, हे आम्हांस विशेष वाटते. जिला अक्षर येत नसे तीही नोटेचा रंग व आकार ओळखी. उलट २०१६ च्या नोव्हेंबरात ८ तारखेच्या रात्री पाचशेच्या व हजाराच्या नोटा चार तासांच्या अवधीने रद्द झाल्या. मूल्याच्या हिशेबाने ते देशातील ८६ टक्के चलन होते. रोख पैसा हाच सर्वांत भरवशाचा, असे म्हणणाऱ्यांनी ती रात्रही आठवावी.

रोखीची बाजू घेताना आणखी एक गोष्ट लपविता येत नाही. १६ जानेवारी २०२५ रोजी बीदर शहरात भरदिवसा एटीएमची रोकड नेणाऱ्या दोघांवर गोळ्या झाडून चोरट्यांनी ऐंशी लाखांहून अधिक रक्कम पळविली, आणि पोटासाठी ती पेटी वाहणाऱ्या एका माणसाचा जागीच प्राण गेला. फोनातील पैशासाठी अशा गोळ्या झाडाव्या लागत नाहीत. तेथे गोड बोलून लुटतात. (तसे झाले तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे.)

यूपीआयने गोरगरिबांची सोय केली नाही असे आम्ही म्हणणार नाही. पुण्या-मुंबईस कामाला गेलेला मुलगा पूर्वी मनिऑर्डर करी, ती आठ दिवसांनी पोचे; आज तो संध्याकाळी पैसे पाठवितो आणि आई रात्री किराणा आणते. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात देशात २,००० कोटींहून अधिक यूपीआय व्यवहार झाले, ते लोकांनी उगीच केले नाहीत. तरीही २०१६ मध्ये लोकांच्या हाती जेवढी रोकड होती, तिच्या दुपटीहून अधिक आज आहे. म्हणजे जनता दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभी आहे, आणि आमच्या मते ती शहाणी आहे. आमचे भय निराळे आहे. दुसरी डगर हळूहळू ढासळत जाईल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही, हे ते भय. खेड्यातील एटीएमवर ‘रोकड नाही’ ही पाटी कायमची होते. दुकानदार गल्ल्यात सुटे ठेवणे सोडून देतो. गृहलक्ष्मीचे दोन हजार खात्यात येतात. पण ते काढावयास अंगठा लावावा लागतो, आणि कापूस वेचून, ऊस तोडून ज्या बोटांच्या रेषा झिजल्या त्यांना यंत्र ओळखत नाही. मग ती बाई हेलपाटे घालते, दर खेपेस एक दिवसाची मजुरी बुडवून.

रोख सोडण्यात दुकानदारांचे हित आहे असेही नव्हे. २०२५ च्या जुलैमध्ये आमच्या कर्नाटकात यूपीआयच्या जमेवरून हजारो लहान व्यापाऱ्यांस कराच्या नोटिसा गेल्या. दूध-भाजी विकणारेही त्यांत होते. तेव्हा बंगळूरच्या कित्येक दुकानांवरून ती चौकटीची पाटी उतरली आणि ‘फक्त रोख’ असे कागद लागले. मागील बाकी वसूल करणार नाही, असे मुख्यमंत्र्यांना सांगावे लागले. कर भरावा, यात आमचे दुमत नाही. पण ज्याला हिशेबाची वही ठेवणे कोणी शिकविले नाही त्याचा सर्व हिशेब दुसऱ्याच कोणाकडे असावा, ही स्थिती विचार करण्यासारखी आहे.

स्वीडन देशाचे उदाहरण पाहा. रोकड जवळजवळ विसरलेले ते राष्ट्र. २०२१ च्या जुलैत तेथील को-ऑप या मोठ्या दुकानसाखळीची गल्ल्याची यंत्रे एका संगणक-हल्ल्याने बंद पडली आणि सुमारे ८०० दुकानांची दारे लागली. २०२४ च्या नोव्हेंबरात त्या सरकारने घरोघर जी पुस्तिका पाठविली तिच्यात पाणी, अन्न यांबरोबर निदान आठवड्याला पुरेल एवढी रोकड, तीही निरनिराळ्या मूल्यांच्या नोटांत, घरी ठेवा असे सांगितले आहे. आमच्या आजीने हे कोणत्याही पुस्तिकेवाचून केले होते. तिच्या नोटा तांदळाच्या डब्यात असत.

आणि वाटेत अडकलेल्या पैशांचे काय? रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम असा की, दुकानदारास दिलेले पैसे त्यास पोचले नाहीत तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत आले पाहिजेत. त्यापुढे दर दिवसास १०० रुपये भरपाई बँकेने द्यावयाची. घाबरून तोच आकडा पुन्हा पुन्हा दाबू नये. मेसेज जपून ठेवावा आणि बँकेत जाऊन तक्रार लिहून द्यावी. नियम चांगला आहे. परंतु तापलेले मूल पाच दिवस थांबत नाही.

त्या दुपारी ते थांबलेही नाही. दुकानासमोर रस्त्याच्या कडेला एक म्हातारी भाजी घेऊन बसली होती. तिने हा सारा प्रकार बसल्या जागेवरून ऐकला, कमरेची चंची सोडली, आणि पाचशेची घडी घातलेली नोट त्या बाईपुढे धरली. फक्त विचारले, “गाव कोणचं गं तुझं?” गावाचे नाव ऐकून ती म्हणाली, “तितं माझी नणंद दिलीया.” एवढीच काय ती कागदपत्रे.

पुढे पंधरवड्याने आम्ही भालकीस गेलो तेव्हा मुद्दाम त्या म्हातारीपाशी थांबलो. पैसे आले का, म्हणून विचारले. तिसऱ्याच दिवशी बाईचा नवरा रोख पाचशे आणि वर शेरभर तुरीची डाळ देऊन गेला होता. त्यांच्या खात्यात ४३० परत आले की नाही, हे तिला ठाऊक नव्हते. बोलता बोलता आमचे लक्ष तिच्या पाटीकडे गेले. मेथीच्या जुड्यांना टेकवून एक नवी कोरी चौकटीची पाटी ठेवली होती.

“पोरानं आणून लावलंय,” ती म्हणाली. “पेटी वरडती तेवढं कळतंय मला. आत किती हाईत ते त्यालाच ठावं.” आणि तिने चंची चाचपून पाहिली.