मका आला, चुन्याची रीत मागे राहिली

थंडीचा कडाका वाढला, की शिरूर आणि दौंड तालुक्यांतील जुन्या वळणाच्या घरांत हुलग्याचे माडगे शिजू लागते. भाजलेल्या हुलग्याचे पीठ पाण्यात कालवायचे, गूळ आणि सुंठ घालून ते दाट होईपर्यंत शिजवायचे आणि गरम असतानाच प्यायचे. उन्हाळ्यात हीच जागा ज्वारीची आंबील घेते. धान्याचे पीठ शिजवून पिण्याची कल्पना भीमाकाठाला नवी नाही. त्यामुळे मेक्सिकोतील 'चांपुरादो' या पेयाची कृती समजून घेणे येथील स्वयंपाकघराला अवघड जाऊ नये. मक्याचे पीठ, चॉकलेट, उसाचा गूळ आणि दालचिनी एवढाच त्याचा ऐवज आहे. मात्र त्यातील मक्याची एक पूर्वतयारी आपल्याकडे कधी पोहोचलीच नाही आणि या पेयाची खरी चव त्या तयारीतच आहे.

मक्याचे पीठ शिजवून केलेल्या दाट पेयाला मेक्सिकोत 'आतोले' म्हणतात. त्यात चॉकलेट घातले, की त्याचे चांपुरादो होते. मक्याच्या सालपटात बांधून वाफवलेल्या तामालबरोबर ते सकाळी किंवा रात्री प्यायले जाते. पितृपक्षाची आठवण करून देणारा १ आणि २ नोव्हेंबरचा 'मृतांचा दिवस' आणि १६ ते २४ डिसेंबर या काळातील नाताळपूर्व उत्सव यांत त्याला विशेष मान असतो.

या एका पेल्यात दोन खंडांची देवाणघेवाण सामावली आहे. मका मूळचा मेक्सिकोचा. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी 'तेओसिंते' नावाच्या रानगवतापासून तेथील शेतकऱ्यांनी तो घडवला. कोकोही त्याच भूमीत रुजलेला. ऊस आणि दालचिनी मात्र आशियातून गेली. उसाचा रस आटवून त्याचा गूळ व साखर करण्याची विद्या भारतात विकसित झाली, पश्चिमेकडे पसरली आणि कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत ऊस कॅरिबियन बेटांवर नेला. पुढे मेक्सिकोतही गुऱ्हाळे उभी राहिली. तेथील 'पिलोन्सियो' म्हणजे शंकूच्या आकाराची गुळाची ढेपच. उलट दिशेने मका सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर भारतात आला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ऊस गेला तो गूळ करण्याच्या रीतीसह गेला. मका मात्र एकटाच आला.

चुना काय करतो?

मेक्सिकोत मका नुसता दळत नाहीत. दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर त्यातच ठेवतात, सकाळी चोळून धुतात आणि मग वाटतात. अशा दाण्यांना 'निश्तामल' आणि वाटलेल्या गोळ्याला 'मासा' म्हणतात. मराठी माशाशी त्याचा काही संबंध नाही. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ पिठाचा गोळा एवढाच.

चुन्यामुळे तीन गोष्टी घडतात. दाण्याचे चिवट साल सुटते. पिठाला चिकटपणा येतो, म्हणून त्याची पोळी तुटत नाही आणि पेयही एकजीव होते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. मक्यातील नायसिन हे 'ब' गटातील जीवनसत्त्व बांधलेल्या स्वरूपात असते. ते शरीराला फारसे मिळत नाही. चुन्याच्या प्रक्रियेने ते मोकळे होते.

हे न कळल्याची किंमत जगाने मोजली आहे. मका युरोपात गेला, गरिबांचे मुख्य अन्न झाला आणि त्यामागोमाग त्वचा काळवंडणे, जुलाब आणि बुद्धिभ्रंश ही लक्षणे असलेला रोग पसरला. स्पेनमधील डॉक्टर गास्पार कासाल यांनी १७३५ मध्ये त्याची नोंद केली. इटलीत त्याला 'पेलाग्रा' हे नाव मिळाले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या दक्षिण भागात त्याने हजारो बळी घेतले. हा संसर्ग नसून आहारातील उणीव आहे, हे जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवून दिले आणि १९३७ मध्ये कॉनराड एल्वेजेम यांच्या संशोधनातून त्यावरचा उपाय नायसिन असल्याचे स्पष्ट झाले. मका चुन्यात शिजवणाऱ्या मेक्सिकोच्या खेड्यांत मात्र हा रोग अशा प्रमाणात पसरला नाही. ज्यांच्या ताटात डाळ, दूध आणि भाजी असते त्यांना ही उणीव सहसा भासत नाही, म्हणून आज येथील शहरी वाचकाने घाबरण्याचे कारण नाही. पण परंपरेतील एखादी पायरी 'कशाला हवी' म्हणून गाळताना काय गमावले जाऊ शकते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

मक्याची तयारी

पाव किलो वाळलेला मका किराणा दुकानातून घ्यावा. बियाण्याच्या पिशवीतील मक्याला बुरशीनाशक चोळलेले असते. तो खाण्यात कदापि वापरू नये. कोंबड्यांच्या खाद्यासाठी विकला जाणाराही टाळावा. काळपट किंवा बुरशी धरलेले दाणे निवडून फेकून द्यावेत.

पाऊण लिटर पाण्यात पानाला लावतात तो साधा, खाण्याचा चुना एक सपाट चहाचा चमचा विरघळवावा. दाण्याच्या वजनाच्या शेकडा एक हे त्याचे प्रमाण. भिंतीचा चुना किंवा कळीचा चुना चालणार नाही. भांडे स्टीलचे असावे, कारण ॲल्युमिनियमवर चुन्याची क्रिया होते. पाणी डोळ्यांत उडणार नाही आणि भांडे मुलांच्या हाती लागणार नाही, याची काळजी घ्यावी. त्यात मका घालून उकळी आणावी, मंद आचेवर अर्धा-पाऊण तास शिजवावा आणि झाकून रात्रभर ठेवावा. दाणे पिवळेधमक दिसू लागतात आणि त्यांना ओल्या मातीसारखा वेगळाच वास येतो. सकाळी पिवळे पाणी फेकून द्यावे. दाणे तीन-चार पाण्यांत चोळून, सालपटे निघेपर्यंत धुवावेत आणि थोडे पाणी घालून मिक्सरमध्ये गंधासारखे मऊ वाटावेत.

पेयाची कृती

चार जणांसाठी वाटलेल्या मक्याचा साधारण १०० ग्रॅमचा गोळा, १०० ग्रॅम गूळ, ६० ते ७० ग्रॅम गडद चॉकलेट किंवा बिनसाखरेच्या कोकोचे तीन मोठे चमचे, दालचिनीचा बोटभर तुकडा, चिमूटभर मीठ, अर्धा लिटर पाणी आणि अर्धा लिटर दूध घ्यावे. गुळासाठी लांब जाण्याची गरज नाही. दौंड तालुक्यात राहू-केडगावच्या पट्ट्यात गुऱ्हाळे आहेत. तेथील गडद तपकिरी गूळ पिलोन्सियोच्या चवीला अगदी जवळचा.

निम्म्या पाण्यात गूळ व दालचिनी घालून पाच मिनिटे उकळावे आणि गाळून घ्यावे. उरलेल्या थंड पाण्यात मक्याचा गोळा कालवून, वस्त्रगाळ नव्हे पण बारीक गाळणीतून गाळावा. थंड पाण्याचा आग्रह पिठले करणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. पीठ एकदम गरम पाण्यात पडले, की बाहेरचा थर लगेच शिजतो, आत कोरडे पीठ अडकते आणि गुठळी होते. कालवलेले पीठ गुळाच्या पाण्यात धार धरून ओतावे आणि सतत ढवळत मंद आचेवर दहा-बारा मिनिटे शिजवावे. मक्यातील पिष्ट ६५ ते ७० अंश सेल्सिअसच्या सुमारास फुगू लागते, पण कच्चट चव जाण्यास पुढची मिनिटे लागतात. मग चॉकलेट आणि मीठ घालावे. दूध वेगळे गरम करून सर्वांत शेवटी, आच बारीक करून मिसळावे. गुळातील आम्लतेमुळे उकळते दूध फाटू शकते, हे गुळाचा चहा करणाऱ्यांना ठाऊक आहेच.

शेवटची पायरी घुसळण्याची. मेक्सिकोत त्यासाठी 'मोलिनियो' नावाची लाकडी, नक्षीदार दांडी दोन तळव्यांत फिरवतात. घरातील ताकाची लहान रवी हेच काम चोख करते. वर फेस आला, की पेय तयार. निवल्यावर ते अधिक दाट होते. तेव्हा गरम पाणी घालून सैल करावे.

घाई असेल तर

बाजारातील पांढरे कॉर्नफ्लोअर म्हणजे नुसते पिष्ट. त्याने पेय दाट होईल, पण गुळगुळीत होईल आणि मक्याची चव मिळणार नाही. त्यापेक्षा गिरणीतून आणलेले मक्याचे पीठ मंद आचेवर खमंग भाजून वापरावे आणि वीस मिनिटे शिजवावे. हे पेय चवदार होते. मात्र त्यात चुन्याचा गंध नसतो आणि नायसिनही मोकळे झालेले नसते. तयार 'मासा' पीठ काही ऑनलाइन दुकानांतून मिळते. चार जणांसाठी ते ५०-६० ग्रॅम पुरते. मधुमेही व्यक्तींनी हे गोड पेय आहे हे विसरू नये.

शिरूर-दौंडच्या शिवारात मका दिसतो, पण तो बहुतेक हिरवा कापला जाऊन मुरघासाच्या खड्ड्यात किंवा गोठ्यात जातो. माणसांच्या ताटात त्याला भाजलेल्या कणसापलीकडे फारसे स्थान मिळालेले नाही. गूळ, चुना, रवी आणि पिठाची पेये शिजवण्याचा हात हे सारे या घरांत आधीपासूनच आहे. उरलेल्या वाटलेल्या मक्याची भाकरीही थापता येते आणि ती साध्या पिठाच्या भाकरीइतकी चिरत नाही. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी मागे राहिलेली रीत घरी आणण्यासाठी लागतो तो फक्त चमचाभर चुना आणि एका रात्रीचा धीर.