विश्लेषण : कर्जतला डायनासोर सापडतील का? जीवाश्म आणि डोंगरावरच्या देवळांच्या दोन दिवसांच्या सहलीत नेमके काय पाहाल?

मुलांना डायनासोरचे वेड लागले की घरात एकच मागणी सुरू होते, ‘खरा डायनासोर बघायला जाऊ या’. आजी-आजोबांना देवदर्शन हवे असते आणि आई-बाबांच्या हाती जेमतेम शनिवार-रविवार. मुंबई आणि पुण्याहून सारख्याच सोयीचे म्हणून कर्जत-खालापूरचे नाव पुढे येते. या दोन तालुक्यांत डायनासोरचे एकही हाड पाहायला मिळणार नाही, हे निघण्याआधीच मुलांना सांगितलेले बरे. पण डायनासोर जिवंत असताना तयार झालेला दगड मात्र इथे पायाखाली असतो. तो कसा ओळखायचा, कोणते देऊळ कोणासोबत करायचे आणि कुठे मुळीच जायचे नाही, याविषयी...

कर्जतमध्ये जीवाश्म का नाहीत?

जीवाश्म होण्यासाठी मेलेला प्राणी गाळात लवकर गाडला जावा लागतो. नदीचा काठ, तळ्याचा तळ, पूर येणारे मैदान अशा जागी हे घडते. कर्जत-खालापूरचे डोंगर गाळाचे नाहीत. जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून बाहेर आलेल्या लाव्हाचे थर एकावर एक साचून ते तयार झाले. सुमारे ११०० अंश सेल्सिअस तापलेल्या लाव्हात हाड टिकत नाही.

या दगडाला आपण काळा कातळ म्हणतो, भूशास्त्रज्ञ बेसाल्ट म्हणतात. हा सगळा प्रदेश ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणून ओळखला जातो. ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे. जिन्यासाठीच्या स्वीडिश शब्दावरून हे नाव आले. कल्याणहून कर्जतला जाणाऱ्या लोकलमध्ये उजवीकडची खिडकी मिळवावी. नेरळच्या आसपास माथेरानचा डोंगर दिसतो. उभा कडा, मग सपाट पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा पट्टी. साधारणपणे कडा म्हणजे टणक थर आणि झाडी धरलेली उताराची पट्टी म्हणजे मऊ थर. मुलांना पायऱ्या मोजायला सांगितल्या तर अर्धा तास सहज जातो.

लाव्हा सतत वाहत नव्हता. दोन उद्रेकांच्या मध्ये मोठी विश्रांती असे. त्या काळात माती तयार होई, तळी साचत, झाडे वाढत. पुढच्या लाव्हाने ती माती भाजून काढली की विटकरी लाल पट्टा तयार होई. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेल्या जागी काळ्या दगडात असा पट्टा दिसला तर तिथे गाडीतूनच बोट दाखवावे. उतरून दरडीखाली उभे राहू नये.

असे मधले थर कुठे कुठे जीवाश्म जपतात. मुंबईत वरळीच्या टेकडीतल्या अशाच थरात एकोणिसाव्या शतकात छोट्या बेडकांचे जीवाश्म सापडले. त्यांचे वर्णन १८४७ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी केले. १८४२ मध्ये ‘डायनासोर’ या शब्दाला जन्म देणारे ओवेन हेच. वरळीचे बेडूक मात्र डायनासोर संपल्यानंतरच्या काळातले.

मग कर्जतचा आणि डायनासोरचा संबंध काय?

संबंध आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. सह्याद्रीतल्या लाव्हाच्या थरांची रासायनिक तपासणी करून शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात त्यांचे गट पाडले आणि गटांना स्थानिक गावांची नावे दिली. खालून वर जाताना ती अशी लागतात : जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. यातले नेरळ कर्जत तालुक्यात. ठाकूरवाडी म्हणजे भोर घाटातल्या रेल्वेमार्गावरचे ठिकाण. भीमाशंकरचा डोंगर कर्जतच्या खांडस गावातून मान वर केली की दिसतो. जगात कुठेही डायनासोरच्या अंतावर शोधनिबंध लिहिला गेला आणि त्यात दख्खनच्या ज्वालामुखीचा विषय निघाला, की ही नावे येण्याची शक्यता असते. नेरळ स्थानकाच्या फलाटावर हे सांगणारी पाटी असायला हरकत नव्हती.

डायनासोरांचा शेवट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी झाला. मेक्सिकोतील चिक्शुलूब इथे आदळलेला अशनी हे त्याचे मुख्य कारण मानले जाते. दख्खनच्या ज्वालामुखीतून निघालेल्या वायूंनी त्या आधी आणि नंतर हवामान किती बिघडवले, यावर वाद सुरू आहे. २०१५ आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कालमापनांत तपशिलाचे मतभेद आहेत. मात्र दोन गोष्टींवर एकमत दिसते. बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला आणि त्याची सुरुवात अशनी आदळण्याच्या काही लाख वर्षे आधी झाली. नेरळ, ठाकूरवाडी हे खालचे म्हणजे आधीचे थर. म्हणजे कर्जतच्या पायथ्याचा कातळ थंड होत होता तेव्हा डायनासोर अजून जिवंत होते. मुलांना हाडाऐवजी ही गोष्ट देता येते आणि ती खरी आहे.

वाटेत ‘अंडी’ दिसली तर?

दिसतीलच. बेसाल्ट झिजताना कांद्याच्या पाकळ्यांसारखा सुटतो आणि मध्ये गोल गोटा उरतो. त्याचा फोटो ‘डायनासोरचे अंडे सापडले’ असा मजकूर जोडून फिरवायला वेळ लागत नाही. अंड्याच्या जीवाश्माला कवचाचा पातळ, वेगळा थर असतो. गोट्याला नुसते सालपट असते.

हा गोंधळ उलट्या दिशेनेही होतो. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावात पिढ्यान्पिढ्या कुलदैवत म्हणून पुजले जाणारे गोल दगड डायनासोरची अंडी असल्याचे शास्त्रज्ञांनी सांगितल्याची बातमी डिसेंबर २०२३ मध्ये आली. शेताची आणि गुरांची राखण करणारा ‘काकर भैरव’ म्हणून गावकरी त्यांना नारळ फोडत. तिथे जमिनीत नर्मदा खोऱ्यातले गाळाचे थर आहेत, कर्जतला नाहीत. फरक इतकाच.

दगडाच्या पोकळीत पांढरे, चमकदार स्फटिक दिसले तर ते झिओलाइट. भोर घाटात रेल्वेमार्ग खोदताना एकोणिसाव्या शतकात निघालेले असे नमुने युरोपातल्या संग्रहालयांपर्यंत पोहोचले. फोटो काढावा, हातोडी घरी ठेवावी.

पहिला दिवस कुठे?

सुरुवात नेरळपासून करावी. मिनी ट्रेनच्या मार्गालगत ‘कड्यावरचा गणपती’ आहे. कड्यातल्या प्रचंड कातळालाच गणपतीचे रूप दिले आहे. ज्या दगडाची गोष्ट सांगायची तोच इथे देव झाला आहे, त्यामुळे या सहलीत त्याच्याइतके चपखल ठिकाण दुसरे नाही. अडचण वाटेची. माथेरानच्या घाटरस्त्यावरून फुटून बरेच अंतर रुळांच्या कडेने चालावे लागते, एका बाजूला दरी असते. गाडीच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात, लहान मुलांचा हात सोडू नये. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांनी थेट माथेरान गाठलेले बरे.

माथेरानला वाहने दस्तुरी नाक्यापर्यंतच जातात. पुढे पायी, घोड्यावर, ई-रिक्षाने किंवा अमन लॉज स्थानकातून शटल गाडीने. १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ-माथेरान रेल्वेचा खालचा टप्पा पावसाळ्यात बंद ठेवला जातो, शटल मात्र सहसा सुरू असते. वर पोहोचताच पायाखालची जमीन तांबडी होते. काळा कातळ लाखो वर्षे ऊन-पावसात झिजून त्याचा जांभा झाला, त्याचा हा रंग. शार्लोट तलावाजवळचे पिसारनाथाचे देऊळ हे माथेरानच्या ग्रामदैवताचे. वाट सावलीची आणि सोपी असल्याने तीन पिढ्यांना एकत्र जाता येते. माकडांपासून प्रसादाची पिशवी सांभाळावी.

आणि दुसरा?

कुटुंब कसे आहे त्यावर ठरवावे. दहा वर्षांपुढची मुले आणि चालणारे पालक असतील तर सोंडाई. कर्जत-चौक रस्त्यावरून बोरगाव फाट्याने सोंडेवाडीला जायचे आणि तिथून साधारण तासाभराची चढण. शेवटच्या टप्प्यात कातळाला लावलेल्या शिड्या आहेत. माथ्यावर सोंडाई देवीचे ठाणे उघड्यावर आहे, छप्पर नाही. माथा देवीचा म्हणून लोक पादत्राणे खालीच काढून ठेवतात. पाहुण्यांनीही तसेच करावे. उन्हाळ्यात कातळ तापतो, म्हणून सकाळी लवकर जावे. वरून मोरबे धरण, माथेरान आणि इर्शाळगडाचा सुळका दिसतो. पायऱ्यांचे डोंगर इथून चहूबाजूंनी दिसतात, त्यामुळे आदल्या दिवशीचा धडा आपोआप उजळतो.

चढण नको असेल तर कोंढाणे लेणी. कर्जतजवळच्या कोंदिवडे गावातून रानवाट आहे. राजमाचीच्या पायथ्याचे हे बौद्ध लेणे दोन हजार वर्षांहून जुने मानले जाते. लाकडी इमारतीची नक्कल कातळात केलेली दिसते. कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केल्याचा ब्राह्मी लेख इथे आहे. कारागिराने कोणता थर खोदायला निवडला आणि कोणता सोडला, हे लक्ष देऊन पाहावे. त्याला रसायनशास्त्र माहीत नव्हते, दगड माहीत होता.

परतताना खालापूर तालुक्यातल्या महड इथे अष्टविनायकांपैकी वरदविनायक आहे. हे देऊळ डोंगरावर नाही, गाडी जवळपर्यंत जाते. ते १७२५ मध्ये कल्याणचे सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी बांधल्याचे सांगितले जाते. मोबाइलवर नकाशा लावताना ‘महड’ आणि ‘महाड’ यातला काना नीट पाहावा. चवदार तळ्याचे महाड रायगडच्या दक्षिणेला, बरेच लांब आहे. कर्जतचेही तसेच. दुसरे कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यात आहे आणि हॉटेलचे बुकिंग तिथे होऊ शकते.

मुलांना घेऊन कुठे जाऊ नये?

ढाकच्या बहिरीला. समाजमाध्यमांवरच्या चित्रफितींमुळे या गुहेतल्या देवाकडे गर्दी वाढली. शेवटचा टप्पा सरळ उभ्या कड्यावर दोर आणि लाकडांच्या आधाराने चढायचा आहे. नवस असेल तर खालून हात जोडता येतात. खांडसहून शिडी घाटाने भीमाशंकर हाही कुटुंबाचा मार्ग नव्हे. गणेश घाटाची वाट सोपी असली तरी लांब पल्ल्याची आहे. ज्योतिर्लिंगाचे दर्शन घ्यायचे असेल तर पुण्याकडून रस्त्याने जावे. कोथळीगड ऊर्फ पेठचा किल्ला या दोन्हींच्या मधला. सुळक्याच्या पोटातून कोरलेल्या पायऱ्या मोठ्या मुलांना फार आवडतात, पण त्यासाठी वेगळा दिवस हवा.

पावसाळ्यात गेले तर?

हिरवळ आणि धबधब्यांसाठी गर्दी जून ते सप्टेंबरात होते. देवळे आणि दगड पाहायला मात्र हा काळ सर्वात वाईट. कातळ निसरडा, वाटा ढगात, लाल पट्टे पाण्याखाली. धबधबे आणि धरणांच्या परिसरात प्रशासन मनाई आदेश काढते. निघण्याआधी ते आणि हवामान खात्याचा इशारा पाहून घ्यावा.

सोंडाईवरून दिसणाऱ्या इर्शाळगडाच्या कुशीत इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३च्या रात्री दरड कोसळून ती गाडली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हती, असे सरकारने तेव्हा सांगितले. मऊ आणि टणक थरांचे हे डोंगर झिजतात, पाणी धरतात आणि उतार सोडतात. यादीत नाव नाही म्हणजे जागा सुरक्षित, असे समजू नये. अतिवृष्टीचा इशारा असताना पायथ्याच्या शेतघरातला मुक्कामही रद्द करावा. आणि इर्शाळवाडीची जागा ‘पॉइंट’ म्हणून पाहायला जाऊ नये. ते ठिकाण तिथल्या ठाकर कुटुंबांच्या माणसांचे आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ या सहलीसाठी उत्तम.

खरा जीवाश्म पाहायचाच असेल तर?

गुजरातमधील बालासिनोरजवळचे रैयोली हे त्यासाठी योग्य ठिकाण. राजासॉरस या शिकारी डायनासोरची हाडे आणि अंड्यांच्या जागा तिथे आहेत, २०१९ पासून संग्रहालयही आहे. अहमदाबादहून एका दिवसात होते. महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा आणि डोंगरगावचे थर महत्त्वाचे. डोंगरगावच्या महाकाय शाकाहारी डायनासोरला कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून ‘इसिसॉरस’ नाव मिळाले. पिसदुऱ्याला डायनासोरच्या शेणाचे जीवाश्म मिळतात. त्यात गवताचे सूक्ष्म अवशेष असल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि डायनासोरच्या काळात गवत नव्हते हा समज मोडला. शेणाची ही गोष्ट मुलांना परतीच्या लोकलमध्ये सांगावी, कर्जत स्थानकावरचा वडापाव खाऊन झाल्यावर.