मांडवीवरील द्यूत आणि घाटमाथ्यावरची घरे

शनिवारची दुपार कलली की चोर्ला घाट उतरून साखळीवरून पणजीकडे धावणाऱ्या वाहनांची गर्दी वाढू लागते. त्यांच्या पाट्यांवरील बेळगावचा के. ए. २२ आणि चिकोडी-निपाणीकडचा के. ए. २३ हे क्रमांक गोमंतकीयांच्या चांगल्याच ओळखीचे झाले आहेत. यांतील पुष्कळ मंडळी कुलदेवतेच्या दर्शनाला येतात, काही समुद्रस्नानाला येतात, आणि त्यांचे स्वागतच आहे. परंतु काही गाड्या देवळाकडेही वळत नाहीत आणि किनाऱ्याकडेही जात नाहीत. त्या सरळ भाऊसाहेब बांदोडकरांचे नाव धारण करणाऱ्या नदीकाठच्या रस्त्यावर येऊन थांबतात, आणि त्यांतून उतरलेले गृहस्थ होडीत बसून मांडवीत नांगरलेल्या सहा जहाजांपैकी एखाद्यावर रात्र काढावयास जातात. पहाटे परतताना खिसा किती हलका झाला हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. घरच्यांना ते कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

हा उद्योग येथे एका रात्रीत उभा राहिलेला नाही. गोवा, दमण व दीव सार्वजनिक जुगार कायदा १९७६ साली झाला, तो जुगाराला बंदी करण्यासाठी. त्याच कायद्यात १९९२ साली एक कलम घुसवून पंचतारांकित हॉटेलांत नाणी गिळणाऱ्या यंत्रांना वाट मोकळी करण्यात आली, आणि १९९६ साली जहाजावर पत्ते व चक्र खेळण्यास परवानगी मिळाली. बंदीचा कायदा तसाच ठेवून त्याच्या पोटात परवानगी बसविण्याची ही करामत विधिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासावी अशी आहे. जहाजे मांडवीतून हलविण्याचे आश्वासन त्यानंतर किती वेळा दिले गेले आणि किती वेळा मुदत वाढविली गेली, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको.

२०१२ साली कायद्यात पुन्हा दुरुस्ती झाली. जुगार व्यवहारावर देखरेख करणारा आयुक्त नेमावा आणि गोमंतकीयांना कॅसिनोत प्रवेश असू नये, ही तिची दोन मुख्य अंगे. ती अमलात यावयास पुढे आठ वर्षे लागली. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना प्रवेशबंदी झाली, आणि आयुक्ताचे काम सोपविण्यात आले ते व्यापारी कर आयुक्ताकडे. कौटिल्यानेही द्यूताध्यक्ष नेमावयास सांगितले होते, द्यूत एकाच ठिकाणी चालावे आणि जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच राजाने घ्यावे असा त्याचा दंडक होता. मात्र फाशांत लबाडी करणाऱ्याला शासन करणे हेही त्याच अध्यक्षाचे काम होते. आमच्या येथे राखणदार आणि वसुलीदार एकच ठरला, आणि राखणीपेक्षा वसुलीकडे त्याचे लक्ष अधिक राहिले तर दोष त्या अधिकाऱ्याला कसा द्यावा?

गोमंतकीयांना बंदी घालणे योग्यच होते. आमची तरुण मुले त्या दिव्यांच्या झगमगाटाला भुलत होती. परंतु या बंदीचा दुसरा अर्थ कोणी मोठ्याने उच्चारीत नाही. जी वस्तू आपल्या लेकरांना विषासमान म्हणून आपण माडीवर कुलूपबंद ठेवतो, तीच शेजाऱ्याच्या लेकरापुढे ताटात वाढतो, आणि वर तिचे मोल घेतो. नेपाळनेही हेच केले. तेथील कॅसिनोत नेपाळी नागरिकाला मज्जाव आहे, आणि हिंदुस्थानातून गेलेला गिऱ्हाईक मात्र हवा आहे.

कोणी म्हणेल, या उद्योगावर हजारो हात पोसले जातात, हॉटेले, टॅक्सी, वाद्यवृंद, पुरवठादार सर्वांना त्याचा लाभ होतो, आणि खाण व्यवसाय थंडावल्यानंतर सरकारने पैसा आणावा कोठून? हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कॅसिनोत विकत घेतलेल्या चिप्सच्या दर्शनी किमतीवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. त्याचा अर्धा हिस्सा केंद्राकडे आणि अर्धा गोव्याकडे जातो, शिवाय परवान्याचे शुल्क वेगळे. जमेची बाजू भक्कम आहे. मात्र खर्चाची बाजू आमच्या अंदाजपत्रकात लिहिण्यास रकानाच नाही, कारण तो खर्च घाटापलीकडे होतो. निपाणीत गहाण पडलेले दागिने पर्वरीच्या विधानसभेत कोण मोजणार?

तो भाग कशावर जगतो हे नीट पाहिले पाहिजे. बेळगावात ओतशाळा आणि छोटे कारखानदार आहेत, चिकोडीच्या पट्ट्यात ऊस आहे, निपाणीत तंबाखूच्या वखारी आहेत आणि विड्या वळणाऱ्या बायका आहेत. उसाचे बिल आणि तंबाखूचा पैसा महिन्याच्या पगारासारखा थोडा थोडा येत नाही. तो वर्षातून एकदा-दोनदा, एकगठ्ठा हातात पडतो. त्यातूनच सोसायटीचे कर्ज, मुलीचे लग्न आणि पुढच्या हंगामाचे बियाणे भागवायचे असते. असा गठ्ठा खिशात असलेल्या माणसाला संकेश्वर, आजरा, आंबोलीवरून उतरणारा रस्ता काही तासांत मांडवीकाठी आणून सोडतो. याच तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून ६ एप्रिल १९८१ रोजी निपाणीत झालेल्या गोळीबारात १२ शेतकऱ्यांनी प्राण गमावले होते. मिळालेला भाव एका रात्रीत हिरव्या टेबलावर उधळला जावा, यापरते दुर्दैव कोणते!

कर्नाटक सरकारही या प्रकरणी सोवळे नाही. तेथे पोलीस कायद्याखाली जुगाराचे अड्डे बेकायदा आहेत. उसाच्या फडात ‘अंदर-बाहर’ खेळणारे चार गडी सापडले की पोलीस पाटावरच्या पैशांसह त्यांना उचलून नेतात. तोच ‘अंदर-बाहर’ शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर, वातानुकूलित दालनात, सरकारी परवान्याने चालतो, आणि खेळणारा तोच असतो. महाराष्ट्राने तर १९७६ सालीच कॅसिनोवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा करून ठेवला, तो कधीच अमलात आणला नाही, आणि २०२३ साली मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचे ठरविले. आमच्याही जत्रांतून मांडवाच्या आडोशाला काय चालते ते आम्ही जाणतो, तेव्हा घाटावरच्यांना उपदेश करण्याचा आव आणणे आम्हांला शोभणार नाही.

परंतु यजमानाचे उत्तरदायित्व वेगळे असते. हस्तिनापुरात सभा बांधून द्यूताचे आमंत्रण धाडले गेले. धर्मराजाच्या व्यसनाला आपण बोल लावतो खरे, पण सभा बांधणाऱ्याला व्यासांनी सोडलेले नाही. बांबोळीच्या इस्पितळात परप्रांतीय रुग्णांकडून २०१८ पासून शुल्क घेतले जाते. आजारी शेजारी आम्हांला जड झाला, आणि जुगारी शेजारी मात्र आमच्या अर्थसंकल्पाचा आधार ठरला! ज्या बेळगावच्या भाजीवर पणजीची चूल पेटते, ज्या खानापूर तालुक्यात म्हादई उगम पावते आणि पुढे मांडवी होऊन हीच जहाजे अंगावर वागविते, त्या मुलखाशी आमचे नाते एवढेच असावे काय? पाण्यासाठी दोन्ही राज्ये लवादापर्यंत गेली. लवादाने २०१८ साली कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी पाणी दिले, आणि तो तंटा अजून मिटलेला नाही. या दुसऱ्या प्रवाहाविषयी, जो घाटावरून पैशांच्या रूपाने खाली वाहतो त्याविषयी, दोन्ही सरकारांनी एका टेबलाशी बसावे असे कोणालाच का वाटू नये?

जहाजे उद्या बुडवा असे आम्ही म्हणत नाही. सिंगापूरने कॅसिनो उघडताना स्वतःच्या नागरिकांवर प्रवेशाचा कर बसविला, २०१९ पासून तो दिवसाला १५० डॉलर आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जुगाऱ्याच्या पत्नीने, आईबापांनी किंवा मुलांनी अर्ज केल्यास चौकशी करून त्या व्यक्तीचा प्रवेश रोखण्याची सोय तेथे आहे. गोव्यात ओळखपत्र पाहून गोमंतकीयाला दारातच अडविता येते, तर त्याच दारात अशा यादीतील नावही पाहता येईल. उधारीवर चिप्स देण्यास सक्त मनाई असावी, आणि करातील काही भाग व्यसनमुक्तीच्या उपचारासाठी राखून तो बेळगाव-निपाणीकडच्या रुग्णांनाही खुला असावा. कर वसूल करणाऱ्या खात्याच्या हातून हे होणार नाही. त्यासाठी स्वतंत्र आयुक्त नेमावा लागेल. त्याच्या कचेरीतील अर्जाचा नमुना मराठीत आणि कन्नडमध्ये असावा, आणि तो निपाणीच्या टपाल कार्यालयातून पाठविला तरी स्वीकारला जावा. घाटावरच्या बाईला त्यासाठी पणजीचे हेलपाटे घालावयास लावू नये.