बेसवाल्याला ‘दोन तारा कमी का?’ असं विचारू नका
चार तारांचा बेस म्हणजे तारा तुटलेली गिटार नव्हे! बेस वाजवणाऱ्यांना या प्रश्नाचा भयंकर राग येतो. दुसरा राग, मोबाईलवर गाणं लावून ‘बेस ऐकूच येत नाही’ म्हणणाऱ्यांचा. सर्वांत जाड तारेची कंपनं सेकंदाला जेमतेम 41. मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरला तो मूळ सूर पेलवतच नाही. राग क्षुल्लक असतील, पण मला पटतात. भजनात पखवाजाच्या डाव्या बाजूला कणीक लावली की कसा घुमतो? गाण्यात तोच घुमारा बेस देतो. वाद्यनिर्माता लिओ फेंडरने 1951 मध्ये ‘प्रिसिजन बेस’ ही बेस गिटार आणली. आपल्याकडे संगीतकार पंचमदांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवायचे. आज हेडफोन लावा आणि पंचमदांच्या एखाद्या गाण्यात फक्त खालचा सूर ऐका.