रस्ता कोणाच्या पैशातून झाला? दहा रुपयांत कळतं!

नागपूरच्या जरीपटक्यात गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला की पहिला प्रश्न ठरलेला: “हा एनआयटीचा की कार्पोरेशनचा?” प्रश्न अगदी नेमका आहे. नागपूर सुधार प्रन्यास (एनआयटी) १९३६ च्या कायद्यातून आला, महापालिका १९५१ ची. दोघांच्या तिजोऱ्या वेगळ्या, फायलीही वेगळ्या. त्यात खासदार निधी (१९९३ पासून, आता वर्षाला ५ कोटी) आणि आमदार निधी (तोही ५ कोटी) आले की सामान्य माणूस गोंधळतोच. पण उत्तर मिळवायला माहिती अधिकारात केलेला अर्ज चुकीच्या कार्यालयात पडला, तरी तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्या कार्यालयावर बंधनकारक आहे.

आकडे बोलतात

सरकारी पैशाला पत्ता असतो. त्याला लेखाशीर्ष म्हणतात. त्यातले पहिले चार आकडे ओळखता आले तरी बरंच काम होतं. पहिला आकडा ० किंवा १ असेल तर ती महसुली जमा. २ किंवा ३ म्हणजे पगार, देखभाल असा रोजचा खर्च. ४ किंवा ५ म्हणजे इमारत, पूल अशी टिकणारी मालमत्ता. ६ किंवा ७ म्हणजे कर्ज. म्हणून रस्त्यांचे ३०५४ आणि ५०५४ हे दोन आकडे दिसायला भावंडं असले, तरी पहिल्यात डागडुजी येते आणि दुसऱ्यात नवं बांधकाम. गावाकडचे सरपंच तर बोलतातच आकड्यांत: “२५१५ मधून सभामंडप मंजूर झाला!”

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी ज्या वस्तीला आकार दिला, त्या जरीपटक्याला यातला एक आकडा जवळचा वाटावा. २२३५ म्हणजे सामाजिक सुरक्षा व कल्याण, आणि त्याच्या पोटातलं पहिलंच उपशीर्ष, ०१, पुनर्वसनाचं आहे.

शेवटचं पान आधी वाचा

शासन निर्णय, म्हणजे जीआर, राज्य सरकारच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. त्याच्या लांबलचक संकेतांकातले पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा, ते बहुतेक वेळा शेवटच्या परिच्छेदांत असतं. त्याखाली ‘प्रत’ म्हणून लांब यादी येते आणि तिच्या तळाशी ‘निवड नस्ती’. पैशाच्या जीआरमध्ये या यादीत महालेखापाल, नागपूर हे नाव बहुतेकदा सापडतं, कारण विदर्भ आणि मराठवाड्याचा सरकारी हिशेब आपल्याच शहरातलं हे कार्यालय पाहतं. मुंबईला जायची गरज नाही, हे नागपूरकरांनी अभिमानानं सांगावं.

पगारातले २,५०० रुपये

हा सरकारी पैसा येतो कुठून, हे आपल्या पगारपत्रकातही दिसतं: बहुतेक नोकरदारांच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. हा कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांची मजुरी शहरातल्या नोकरदारांनी भरायची, ही कल्पना मला आजही फार मोठी वाटते. वर्षाला २,५०० ही कमाल मर्यादा थेट राज्यघटनेत आहे.

शेजारच्या इंदोऱ्यात हे ठाऊक असायलाच हवं

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा कोलंबिया विद्यापीठासाठीचा प्रबंध सरकारी पैशाच्या याच विषयावर होता. ब्रिटिश हिंदुस्थानात केंद्राचा पैसा प्रांतांकडे कसा वळला, याचा १८३३ पासूनचा माग त्यांनी सरकारी कागदपत्रांतून काढला. १९२५ मध्ये लंडनला पुस्तक निघालं, प्रस्तावना त्यांचे गुरू प्रा. सेलिग्मन यांची. अर्थसंकल्प वाचणं हे लोकशाहीचं काम आहे, हे सांगायला याहून मोठा दाखला नको.

रस्त्याचा तुकडासुद्धा मागता येतो

महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा कायदा देशाच्या आधी, २००२ मध्येच आला. केंद्राचा २००५ मध्ये. या कायद्यात फक्त कागद नाहीत. कामाची पाहणी करणं आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हाही तुमचा हक्क आहे. सगळ्यात कामाचा कागद मात्र मोजमाप पुस्तिका, कंत्राटदारांच्या भाषेत ‘एमबी’. कनिष्ठ अभियंता रस्त्याची लांबी, रुंदी, जाडी मोजून तिच्यात लिहितो आणि त्यावरून बिल निघतं. त्या पानाची प्रत हातात आली की टेप घेऊन कोणीही रस्त्यावर उतरू शकतो. लांबी-रुंदी तर शाळकरी पोरगाही मोजेल.

शिवाय नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारनं परिपत्रक काढलं: जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत. सुट्टी आली तर पुढचा कामाचा दिवस.

तेव्हा आपल्या गल्लीतलं एकच काम निवडा. अर्ज १५० शब्दांत, एकाच विषयावर, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. “सर्व माहिती द्या” असं लिहू नका. कार्यादेश, एमबी आणि अंतिम देयकाची प्रत मागा. प्रत पानाला २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर नाही आलं तर २० रुपयांत पहिलं अपील करा, आणि ते नक्की करा.