घाटवाटेवर पळताना: सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

कामोठे खाडीकाठी वसलेलं, सपाट. मानसरोवर आणि खांदेश्वर स्थानकांच्या आसपासच्या रस्त्यांवर सकाळी पळणारे रोज दिसतात. दहा-एकवीस किलोमीटरचा सराव झाला की त्यांना पूर्वेचे डोंगर खुणावू लागतात. पनवेलहून नेरे, मालडुंगेमार्गे धोदाणीला जाता येतं. पूर्वेला माथेरान, दक्षिणेला प्रबळगड, उत्तरेला चंदेरी, आणि मधे गाढी नदीचं खोरं. धोदाणीहून माथेरानच्या सनसेट पॉइंटकडे चढणारी पायवाट पायथ्याच्या गावकऱ्यांची जुनी वहिवाट आहे. पळणाऱ्यासाठीही ती सुंदर आहे. मात्र डांबरी रस्त्यावरचे आडाखे घेऊन इथे येऊ नये.

गैरसमज १: एकवीस किलोमीटर पळतो, मग डोंगरातले दहा किरकोळ आहेत.

वस्तुस्थिती: डोंगरात अंतरापेक्षा चढ महत्त्वाचा. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये चालणाऱ्यांसाठी एक ठोकताळा मांडला: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे ६०० मीटर चढ असलेल्या दहा किलोमीटरला तीन तास. दगडगोटे, झाडोरा आणि उकाडा यांचा वेळ वेगळाच. तुम्ही त्याहून वेगाने जाल, पण सपाट रस्त्यावरचा वेग धरून परतीची वेळ ठरवलीत तर उतरताना अंधार गाठेल.

गैरसमज २: चढावर चाललो तर ते पळणं नव्हे.

वस्तुस्थिती: अनुभवी ट्रेल रनरही उभ्या चढावर चालतात, आणि त्याला कारण आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात झालेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं, की तीव्र चढावर तेवढीच उंची तेवढ्याच वेळात गाठायची असेल, तर पळण्यापेक्षा चालण्यात कमी ऊर्जा लागते. पावलं आखूड टाका, हात मांड्यांवर टेकवा आणि श्वास ताब्यात ठेवा. वाचलेली ताकद पुढे लागणारच आहे.

गैरसमज ३: उतार म्हणजे विश्रांती.

वस्तुस्थिती: धाप कमी लागते, पण मांड्यांची खरी परीक्षा उतारावर होते. शरीराचा वेग रोखताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आकसण्याचा जोर लावतात, त्यामुळे तंतूंना सूक्ष्म इजा होते. दुखणं एक ते तीन दिवसांनी सर्वाधिक जाणवतं. थकलेले पाय माथेरानच्या तांबड्या मुरमावर किंवा शेवाळलेल्या कातळावर हमखास घसरतात. यावर उपाय आहे: उताराचा थोडा थोडा सराव. एकदा सोसलेल्या ताणाला स्नायू पुढच्या वेळी अधिक चांगले तोंड देतात. खारघरचा डोंगर किंवा पारसिकची टेकडी त्यासाठी पुरेशी आहे.

गैरसमज ४: पाणी जितकं जास्त, तितकं चांगलं.

वस्तुस्थिती: पाणी कमी पडणं घातक आहे, तसंच गरजेपेक्षा जास्त पिणंही. त्याने रक्तातलं सोडियम उतरतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांमध्ये ते प्रमाणाबाहेर कमी आढळलं. तहानेप्रमाणे प्या, मोठ्या पल्ल्यात ओआरएस आणि खारट खाऊ सोबत ठेवा. कोकणपट्टीच्या दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. सोबती असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, तर त्याला सावलीत घ्या, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि लगेच मदत मागवा. गार करणं दवाखान्यात पोचेपर्यंत लांबवू नका.

गैरसमज ५: पावसाळा हाच डोंगरात पळण्याचा उत्तम काळ.

वस्तुस्थिती: हिरवाईची ओढ मीही समजतो, पण मुसळधार पावसात हे खोरं पळण्याची जागा नाही. माथेरानवर २२ जुलै २०२१ रोजी चोवीस तासांत ३३० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. माथ्यावर असा पाऊस कोसळला की पायथ्याला ऊन असतानाही ओढा पाहता पाहता फुगतो. गुडघाभर वेगवान पाणीही माणसाला पाडतं. शेजारच्या इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले. हे उतार किती नाजूक आहेत, हे त्या रात्रीने दाखवलं. याच खोऱ्यातल्या गाढेश्वर धरणाच्या परिसरात पावसाळ्यात प्रशासनाने मनाई केली असेल तर ती पाळा. पाऊस ओसरल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, ही वाट सर्वांत सुखाची असते.

गैरसमज ६: नेटवर्क गेलं की फोनचा उपयोग संपला.

वस्तुस्थिती: जीपीएसचा संकेत थेट उपग्रहांकडून येतो, त्याला मोबाइल टॉवर लागत नाही. नकाशा आणि वाटेची नोंद घरीच उतरवून घ्या. फोन फ्लाइट मोडवर ठेवा, कारण टॉवर शोधण्यात बॅटरी लवकर संपते. त्याहून मोलाची माहिती गावात मिळते. धोदाणीत वाट विचारा, ओढ्याची स्थिती विचारा, कधी परतणार ते सांगून जा.

निघण्यापूर्वी एक वेळ पक्की करा: माथा गाठला असो वा नसो, त्या वेळी मागे फिरायचं. एकटे जाऊ नका. शिट्टी, हेडलॅम्प, क्रेप बँडेज आणि जास्तीचं खाणं सोबत असू द्या. अडचण आलीच तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८. एवढी तयारी केली, तर सपाट रस्त्यावर पळणाऱ्या कामोठेकरालाही ही घाटवाट निर्धास्तपणे आपलीशी करता येईल.